थंडीतली रपेट आणि खोगीर उतरवल्यानंतरचा तास

(मुंबईत घोडेस्वारी शिकणाऱ्यांपुढे एका पशुवैद्याने दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

सांताक्रूझच्या वेधशाळेत नोंदलेले सर्वांत कमी तापमान ७.४ अंश सेल्सिअस आहे आणि ती नोंद २२ जानेवारी १९६२ची आहे. त्या पहाटेही महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सरावाला निघालेला घोडा केवळ थंडी आहे म्हणून तबेल्यात परत नेण्याचे कारण नव्हते. अशा शहरात उभे राहून ‘घोड्यावर बसू नये इतकी थंडी कोणती’ या विषयावर बोलणे थोडे विनोदी वाटेल, याची मला कल्पना आहे. परंतु तुमच्यापैकी काही जण डिसेंबर-जानेवारीत स्पर्धांसाठी घोडे घेऊन दिल्लीला जातात, काही जण लडाखला किंवा स्पितीला जाऊन तिथल्या तट्टांवर मांड टाकतात, आणि परत आल्यावर मला एकच गोष्ट विचारतात : किती अंशांच्या खाली बसू नये, तो आकडा सांगा. आकडे मी सांगणारच आहे. पण निर्णय केवळ त्यांच्यावर सोडू नये, असे माझे मत आहे.

घोड्याच्या शरीराचे तापमान साधारण ३७.५ ते ३८.५ अंश असते. बाहेरची हवा एका मर्यादेपर्यंत थंड झाली, तरी ते टिकवण्यासाठी त्याला वेगळे काही करावे लागत नाही. त्या मर्यादेच्या खाली मात्र केवळ ऊब राखण्यासाठी जादा ऊर्जा जाळावी लागते. उबदार हवेत वाढलेल्या, आखूड केसांच्या घोड्यासाठी ही मर्यादा ५ अंशांच्या आसपास असते, तर थंडीला सरावलेल्या, दाट केसांच्या प्रौढ घोड्यासाठी ती उणे १५ अंशांपर्यंत खाली जाते. वीस अंशांचा हा फरक जनावराच्या सवयीचा आणि केसांचा आहे. शरीराला थंडीची सवय व्हायला दोन-तीन आठवडे पुरतात. हिवाळी केस मात्र मुख्यतः दिवस लहान होत गेल्याच्या इशाऱ्यावर येतात आणि त्यांना त्याहून कितीतरी जास्त काळ लागतो. सायबेरियातल्या याकुतियाचे घोडे उणे ५० अंशांतही उघड्यावर राहतात आणि बर्फ खुरांनी उकरून गवत खातात, आपले झंस्करी तट्टूही त्याच जातकुळीचे म्हणावे इतके काटक असते. पण परवा ट्रकमधून मुंबईहून दिल्लीत उतरलेल्या, अंगावरचे केस यंत्राने कापलेल्या थरोब्रेडला, म्हणजे शर्यतीच्या जातीच्या घोड्याला, त्यांच्या पंगतीला बसवता येत नाही.

घोड्याची खरी शेगडी त्याच्या पोटात असते. वैरण मोठ्या आतड्यात आंबते आणि त्या आंबण्यातून उष्णता निघते, म्हणून मर्यादेखालच्या प्रत्येक अंशाला आहारातली ऊर्जा सुमारे दोन ते अडीच टक्क्यांनी वाढवावी लागते, आणि ती चंदीतून, म्हणजे दाण्यातून, न वाढवता सुक्या गवतातून वाढवणे अधिक शहाणपणाचे असते. पानिपतावर दख्खनच्या घोड्यांना उत्तरेची थंडी सोसवली नाही, असे आपण सहज बोलून जातो. मला त्यात रिकाम्या पोटाचा वाटा निदान थंडीइतका तरी दिसतो. १७६० च्या अखेरीपासून १४ जानेवारी १७६१ पर्यंत छावणी अडकून पडलेली, रसद तुटलेली, दाणा-वैरण संपलेली; अशा जनावराची शेगडीच विझलेली असते, आणि मग दहा अंशांची रात्रही त्याला जड जाते.

हे सारे झाले उभ्या घोड्याचे. स्वार पाठीवर बसला की हिशेब उलटा होतो, कारण स्नायूंनी वापरलेल्या ऊर्जेपैकी जेमतेम पाव हिस्सा हालचालीत जातो आणि उरलेल्याची उष्णता होते. दुडक्या चालीने दहा मिनिटे चाललेल्या घोड्याला सहसा थंडी वाजत नाही. त्याच्या श्वासनलिकेची गोष्ट मात्र वेगळी. घोडा फक्त नाकाने श्वास घेतो. विश्रांतीत तो मिनिटाला साठ-सत्तर लिटर हवा घेत असेल, तर चौखूर धावताना तोच आकडा पंधराशेच्या घरात जातो, आणि एवढी हवा फुप्फुसांत पोहोचेपर्यंत पुरेशी गरम आणि ओलसर करणे नाकाला जमत नाही. उणे ५ अंशांच्या हवेत व्यायाम केलेल्या घोड्यांच्या श्वसनमार्गात दाहाची लक्षणे संशोधकांना आढळली आहेत. मला एक आकडा पाळायला सांगायचाच असेल, तर तो हा : उणे ५ च्या खाली चाल आणि संथ दुडकी यांपलीकडे जाऊ नये.

जमिनीबद्दल थर्मामीटर जवळजवळ काहीच सांगत नाही. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दव गोठल्याची छायाचित्रे हिवाळ्यात वर्तमानपत्रांत येतात, तेव्हा माणसाच्या उंचीवरची हवा अनेकदा शून्याच्या चांगली वर असते. निरभ्र, वाराहीन रात्री गवत आपली उष्णता आकाशाकडे सोडते आणि हवेपेक्षा कितीतरी अधिक गार होते. तिथल्या तट्टाला ती हवा बाधणार नाही, पण गोठलेल्या गवतावर नालेचा खूर घसरू शकतो, म्हणून ऊन पडून तासभर जाऊ द्यावा. गोठून खडबडीत झालेली माती सांध्यांना हादरे देते, आणि बर्फात चालताना नालेच्या पोकळीत बर्फाचे गोळे घट्ट बसतात. स्वित्झर्लंडमधल्या सेंट मॉरिट्झला १९०७ पासून गोठलेल्या सरोवरावर घोड्यांच्या शर्यती होतात, त्या बर्फाची जाडी तपासून, पृष्ठभाग तयार करून आणि पकड घेणारे नाल ठोकून. आपल्याला वाटेत भेटणारा बर्फ कोणी तयार केलेला नसतो.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. काही वर्षांपूर्वी दिल्लीत जानेवारीतल्या एका संध्याकाळी मला एक घोडी दाखवण्यात आली. आदल्या दिवशी, नऊ अंश तापमानात, तिच्याकडून उड्यांचा चांगला कसून सराव करून घेतला होता. ती घामाने निथळत होती, धुके उतरत होते, सर्वांना घाई होती, म्हणून ओल्या अंगावरच जाड झूल टाकून तिला बांधले. ओले केस एकमेकांना चिकटतात, त्यांच्यात अडकलेली हवा निघून जाते आणि केसांची ऊब जवळजवळ संपते. वरची झूल तो ओलावा फक्त कोंडून ठेवते. रात्री ती कापत राहिली. सकाळी बादली भरलेलीच होती, कारण बर्फासारखे पाणी घोडे पुरेसे पीत नाहीत. दुपारपर्यंत लीद कोरडी पडून थांबली आणि पोटशूळ सुरू झाला. उपचारांनी ती बरी झाली. परंतु नऊ अंश हा आकडा कोणत्याही तक्त्यात मनाईचा नव्हता, आणि चूक खोगीर चढवताना नव्हे, तर उतरवल्यानंतर झाली होती.

म्हणून थंड प्रदेशात मी आधी झुलीखाली खांद्यामागे हात घालतो, कानांची मुळे चाचपतो, लगामाचा तोंडात जाणारा लोखंडी भाग तळहातांत धरून गरम करतो, आणि आपली बोटे लगामाचा ताण ओळखण्याइतकी शुद्धीवर आहेत ना, हे पाहतो. ती बधिर असतील तर थंडी स्वारासाठी जास्त झाली आहे, घोड्यासाठी नसली तरी. त्यानंतर घोड्याची निगा राखणाऱ्या मोतद्दाराला विचारतो की तो किती वाजेपर्यंत थांबणार आहे, अंग पुसायला सुके पेंढे आहेत का आणि कोमट पाणी मिळेल का. तो सहाला घरी जाणार असेल आणि पाच वाजून गेले असतील, तर घोड्याला घाम येणार नाही इतकेच, पंधरा-वीस मिनिटे, चालवून आणतो.