अस्तराची बाजू

मुंबईच्या मंगलदास मार्केटमध्ये सूटिंगचा विक्रेता ठाणातून दोन-तीन मीटर कापड झरकन उलगडतो आणि गिऱ्हाइकाचा हात आपसूक त्यावरून फिरतो. रंग, पोत, काठावर विणलेले गिरणीचे नाव, सारे काही तेथे निरखून पाहिले जाते. अस्तराचा विषय मात्र निघत नाही. तो नंतर, शिंप्याकडे माप देऊन झाल्यावर, ‘अस्तर मॅचिंग लावतो’ एवढ्या एका वाक्यात मिटतो. मे महिन्यातल्या लग्नात नवरदेव घामाने निथळू लागला की बोल लागतो तो कापडाला. खरे कारण पुष्कळदा त्या एका वाक्यात असते.

लोकर म्हणजे थंडीचे कापड, हा आपल्याकडचा पक्का समज आहे आणि तो अर्धाच खरा आहे. लोकरीचा धागा नेहमीच्या दमट हवेत स्वतःच्या वजनाच्या सुमारे १६ टक्के ओलावा शोषून घेतो, तर पॉलिएस्टर जेमतेम ०.४ टक्का. म्हणूनच पातळ, मोकळ्या विणीचा लोकरी कोट उकाड्यातही सुसह्य होतो. टेरीवूल, म्हणजे लोकर आणि पॉलिएस्टरचे मिश्र कापड, स्वस्त असते, रोजच्या कचेरीला टिकते, हे खरे. परंतु त्यात पॉलिएस्टरचा वाटा जितका मोठा, तितका घाम आतच राहतो. शंका असल्यास काठाचे दोन धागे ओढून जाळून पाहावेत. लोकरीला जळक्या केसांचा वास येतो आणि तिची राख बोटांनी चुरते. पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो.

काठावर ‘सुपर १००’, ‘सुपर १२०’, ‘सुपर १५०’ असे आकडे दिसतात आणि मोठा आकडा म्हणजे उत्तम कापड असे सांगितले जाते. वास्तविक हा आकडा केवळ तंतूची बारीकी सांगतो. सुपर १०० साठी तंतूची सरासरी जाडी १८.७५ मायक्रॉनपर्यंत चालते, सुपर १५० साठी ती १६.२५ मायक्रॉनपर्यंतच असावी लागते. तंतू जितका बारीक तितके कापड मऊ, पण नाजूकही. लोकलमधून रोज प्रवास करणाऱ्याने सुपर १५० च्या मागे लागू नये, हे स्पष्टच सांगायला हवे. घट्ट पिळाच्या सुताचे, साध्या उभ्या-आडव्या विणीचे कापड त्याला अधिक उपयोगी पडते, कारण त्यातून हवा खेळते आणि मुठीत चुरगाळून सोडले तरी ते लवकर सरळ होते.

वजन विचारताना ते मीटरमागे आहे की चौरस मीटरमागे, हेही विचारावे. दीड मीटर पन्ह्याच्या कापडाचे वजन मीटरमागे ३०० ग्रॅम असेल, तर चौरस मीटरमागे ते २०० ग्रॅमच भरते. मुंबई-कोकणच्या हवेला मीटरमागे २५० ते २८० ग्रॅम बेताचे ठरते.

एवढी पारख करून घेतलेल्या लोकरीला आतून पॉलिएस्टरचे अस्तर लावले, तर अंगाशी येते ते पॉलिएस्टरच. लोकर बाहेरून श्वास घेत राहते आणि सदरा आत भिजत राहतो. व्हिस्कोस हा त्यावरचा सोपा उपाय आहे. ते लाकडाच्या लगद्यापासून बनते आणि ओलावा चांगला शोषते. त्याहून सरस क्युप्रो. विदर्भ-खानदेशातल्या वाचकाला सरकी, म्हणजे कापसाचे बी, ठाऊक असते. रुई वेगळी केल्यावर तिच्या अंगावर जी आखूड लव उरते, ती तांबे आणि अमोनियाच्या द्रावणात विरघळवून हा धागा काढतात. जपानमधील नोबेओका हे त्याच्या उत्पादनाचे प्रसिद्ध ठिकाण आहे. क्युप्रो सुमारे ११ टक्के ओलावा धरते, शिवाय सदऱ्यावरून अलगद घसरते.

उकाड्यासाठी पूर्ण अस्तराची गरजही नसते. पाठीचे अस्तर खांद्यांपुरते ठेवून खालचा भाग मोकळा सोडता येतो. बाह्यांना मात्र अस्तर हवेच, नाहीतर हात घालताना सदरा अडकतो. असा कोट कमी कापडात होतो म्हणून स्वस्त पडेल, ही अपेक्षा करू नये. आतल्या उघड्या शिवणींच्या कडा एकेक करून बांधाव्या लागतात आणि त्या कामाला वेळ लागतो.

कोट ट्रायलला आला की आरशाआधी तो उलटा करून पाहावा. शिवणींत पुरेशी माया, म्हणजे शिवणीबाहेरचे जादा कापड, सोडली आहे का, आणि अस्तर पूर्ण असल्यास पाठीच्या मधोमध त्याला उभी चुणी आहे का, हे तपासावे. लोकर अंगाबरोबर थोडी ताणली जाते, अस्तर ताणले जात नाही; ती चुणी नसेल, तर दोन्ही हात पुढे करताच काखेशी टाके कुरकुरतात. तो आवाज दुकानातच ऐकू आला, तर शिंपी अस्तर उसवून त्याच आठवड्यात दुरुस्त करून देतो.