विशीतला सुतार आणि दोन भागांचा पियानो

[दृश्य: आजच्या चेक देशातलं ब्रनो शहर. 'बेसेद्नी दूम' या चेक लोकांच्या सांस्कृतिक केंद्राच्या पायऱ्या. संगीत नाही, फक्त पावलांचे आवाज.]

फ्रांतिशेक पाव्हलिक. सुतारकाम करणारा पोरगा, वय २०.

१ ऑक्टोबर १९०५. ब्रनो तेव्हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होतं आणि शहराचा कारभार जर्मन भाषकांच्या हातात होता. चेक लोकांची मागणी होती, आमच्या भाषेत शिकवणारं विद्यापीठ इथे द्या. जर्मन भाषकांचा त्याला कडवा विरोध. दोन्हीकडचे लोक रस्त्यावर आले, सैन्य बोलावलं गेलं, आणि सैनिकाच्या संगिनीने पाव्हलिकचा जीव घेतला. विद्यापीठ झालं असतं, तरी हा मजूर तिथे शिकायला गेला असता का? बहुधा नाही. तरी तो आला होता.

[दृश्य: यानाचेक यांचं छायाचित्र.]

याच शहरात संगीतकार लेओश यानाचेक राहत होते. वय ५१. माणसं बोलताना आवाज कुठे चढतो, कुठे पडतो, हे ऐकायचं आणि वहीत सुरांमध्ये उतरवून ठेवायचं, ही त्यांची सवय. अडीच वर्षांपूर्वी त्यांची मुलगी ओल्गा आजारपणात गेली. तीही २० वर्षांची. तिचा शेवटचा उसासासुद्धा त्यांनी असाच टिपून ठेवला. ते पान लिहिताना बापाचा हात कसा चालला असेल, मला कल्पना करवत नाही.

आणि आता हा पाव्हलिक. त्याच्यासाठी यानाचेकांनी पियानोवर तीन भागांची रचना बांधली. नावात ती तारीखच घातली.

[पियानो: पहिला भाग. थोडा वेळ निवेदन नाही.]

हा पहिला भाग, 'चाहूल'. ओळ हळवी आहे, पण तिला निवांत राहू दिलेलं नाही. मध्येच काहीतरी तुटक, अस्वस्थ घुसतं.

दुसरा भाग, 'मृत्यू'. एकच छोटी सुरावट अडखळत परत परत येते. वाढत जाते, आक्रोश होते, मग ओसरते.

तिसरा भाग अंत्ययात्रेचा होता. जानेवारी १९०६ मध्ये, पहिल्या कार्यक्रमाच्या आधीच, यानाचेकांनी त्याची पानं जाळून टाकली. पुढे उरलेले दोन भागही त्यांनी प्रागमध्ये व्हल्टावा नदीत फेकले. पानं पाण्यावर पांढऱ्या हंसांसारखी तरंगत होती, असं त्यांनी नंतर सांगितलं.

पण लुडमिला तुच्कोवा या पियानोवादिकेने दोन भागांची नक्कल जपून ठेवली होती. १९२४ साली, यानाचेक सत्तरीचे झाले तेव्हा, तिने ती बाहेर काढली. आज ऐकतो ते तिच्यामुळे.

तोवर ब्रनोमध्ये चेक विद्यापीठही उभं राहिलं होतं, १९१९ मध्ये.

[दृश्य: पुन्हा त्या पायऱ्या. दुसऱ्या भागाचे शेवटचे सूर.]

रचनेसोबत यानाचेकांनी चार ओळी लिहिल्या. त्यात या संगमरवरी पायऱ्या आहेत, रक्ताने माखलेला एक साधा मजूर आहे. तो फक्त उच्च शिक्षण मागायला आला होता, असं त्यांनी लिहिलंय.