आधी दार लावा, मग भोक शोधा

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘पेट्रोलच्या वाफेची गळती : निदानाची पद्धत’. पद्धतीवर येतोच. त्याआधी ही तीन झाकणं बघा. पेट्रोलच्या टाकीची आहेत, तिन्ही चांगली आहेत आणि तिन्ही माझ्याच गाडीवरून उतरलेली आहेत. चौथं गाडीवर आहे.

झालं असं, की चेक इंजिनचा दिवा लागला. स्कॅनर लावला. कोड पी-०४५५, म्हणजे मोठी गळती. हा कोड दिसला की आपण सगळे काय करतो? झाकण बदलतो. मागच्या रांगेने हसू नये, तुमच्याही खणात एखादं निघेल. मी झाकण बदललं, कोड पुसला, दिवा गेला. आठवडाभर ऐटीत फिरलो, आणि दिवा पुन्हा हजर. म्हटलं, झाकण डुप्लिकेट निघालं. दुसरं आणलं. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी तर मी दुकानदाराशी भांडूनही आलो. त्या बिचाऱ्याचा काडीचा दोष नव्हता.

दिवा दर वेळी का जायचा? तर गाडी गळतीची तपासणी मनात येईल तेव्हा करत नाही. इंजिन थंड असताना सुरू झालेलं हवं, टाकी साधारण १५ ते ८५ टक्क्यांच्या दरम्यान भरलेली हवी, आणि बहुतेक गाड्यांत लागोपाठ दोन तपासण्यांत दोष सापडल्याशिवाय दिवा लागत नाही. मला सवय टाकी काठोकाठ भरायची. म्हणजे परीक्षाच होत नव्हती आणि मी पास झालो म्हणून मिरवत होतो. टाकी उतरली की परीक्षा, की दिवा.

काठोकाठवरून आठवलं. नोझल आपोआप थांबल्यावर ‘अजून थोडं’ म्हणणारे इथे किती आहेत? हात वर नका करू. ते थोडं जाऊ शकतं कॅनिस्टरमधल्या, म्हणजे टाकीची वाफ साठवणाऱ्या डब्यातल्या कोळशात. तो कोळसा वाफ धरायला ठेवलेला असतो, पेट्रोल प्यायला नव्हे. एकदा भिजला की त्याचा उपयोग संपत आला म्हणायचा.

असो. शेवटी धूर मारला, म्हणजे टाकी आणि नळ्यांत धूर सोडून तो कुठून निघतो ते पाहिलं. आम्ही सगळे टाकीच्या तोंडाशी डोळे लावून बसलो, आणि धूर निघाला मागच्या चाकाजवळून, व्हेंट व्हॉल्व्हच्या, म्हणजे टाकीच्या हवेच्या झडपेच्या तोंडातून. पण तो व्हॉल्व्ह तर मी आधीच तपासला होता! स्कॅनरवरून बंद केला की छान ‘टक’ वाजायचं. खोलून बघितला, तर आतल्या रबराच्या कडेला धुळीचा वाळका पापुद्रा, नखाने निघेल एवढा. टक वाजलं म्हणजे आतली कॉइल ओढते आहे, इतकंच. रबर नीट बसलं का, हे तो आवाज सांगत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. व्हेंट हे या यंत्रणेचं दार. एरवी ते उघडं असतं, टाकी त्यातून श्वास घेते. तपासणीपुरतं ते बंद होतं, आणि मग टाकीतला दाब टिकतो का, ते कॉम्प्युटर पाहतो. दारच लागत नसेल तर भिंतीला भोक शोधून काय उपयोग? आणि उलटही होतं बरं का. २०११ साली माझ्दाने अमेरिकेत हजारो गाड्या परत बोलावल्या, कारण व्हेंटच्या नळीत कोळी जाळं विणत होते. नळी तुंबली की टाकीत निर्वात वाढत जातो, टाकीला तडा जाण्याची भीती.

चिठ्ठी आली. पाचच मिनिटं? बरं, पद्धत धावत सांगतो.

कोडबरोबर साठवलेली त्या वेळची नोंद आधी वाचा. टाकी किती भरलेली होती, इंजिन किती थंड होतं, सगळं त्यात असतं. झाकण काढून टाकीच्या दाबाचा सेन्सर बघा. तेव्हा तो बाहेरच्या हवेइतकाच दाब दाखवायला हवा. नसेल, तर सेन्सर किंवा त्याचं वायरिंग आधी. मग पर्ज व्हॉल्व्ह, म्हणजे कॅनिस्टरमधली वाफ इंजिनात सोडणारी झडप. हा एरवी बंद असतो. स्कॅनरवरून तो बंदच ठेवून, इंजिन आयडलला असताना कॅनिस्टरकडून येणारी नळी काढा आणि व्हॉल्व्हच्या तोंडावर बोट ठेवा. ओढ लागली तर तो गळतो. पेट्रोल भरल्या भरल्या गाडी सुरू व्हायला कुरकुरते ना, त्यातही बहुधा हाच असतो. मग व्हेंट बंद करून दाब टिकतो का बघा, टकवर विसंबू नका. झाकणाचं रबर त्यानंतर.

धूर सगळ्यात शेवटी, आणि दाब १ पीएसआयच्या आत. गॅरेजच्या कॉम्प्रेसरची हवा टाकीत कधीही सोडू नका. जास्त दाबाने चांगला जोड सुटतो आणि टाकीत हवा-पेट्रोलचं पेट घेऊ शकणारं मिश्रण होतं. पी-०४५६ असेल तर गळती अगदी बारीक, अर्ध्या मिलिमीटरच्या भोकाएवढी, क्लिक पेन्सिलीतल्या शिशाइतकी. तिथे धुराला वेळ द्या, टॉर्च तिरपा धरा.

आणि दुरुस्तीनंतर दिवा बघू नका, स्कॅनरवर तपासणी ‘पूर्ण’ दिसते का ते बघा. टाकी अर्धी ठेवून. हो हो, उठतोच आहे. झाकणं कुणाला हवी असतील तर इथे टेबलावर ठेवतो.