खलित्याबाहेरची पत्रं

श्रोतेहो, नमस्कार.

सरकारी खलित्याला जावक क्रमांक असतो, ‘प्रिय’ अशी सुरुवात असलेल्या पत्राला नसतो. ब्रिटन-रशियाच्या राजकारणात पुष्कळदा हे दुसरंच पत्र वजनदार ठरलं.

डिसेंबर १९०५मध्ये जॉन मोर्ले लंडनच्या सरकारात भारतमंत्री झाले. व्हाइसरॉय होते लॉर्ड मिंटो. दोघांची खासगी पत्रं जवळजवळ दर आठवड्याच्या डाकेनं जात-येत. अधिकृत खलिता लंडनच्या इंडिया कौन्सिलपुढे, म्हणजे भारतमंत्र्यांच्या सल्लागार मंडळापुढे, जाई. खासगी पत्राला ती आडकाठी नव्हती. म्हणूनच तर ते खासगी!

मिंटो आणि सरसेनापती किचनेर यांना रशियाचा भरवसा नव्हता. वायव्य सरहद्दीपलीकडे रशियाची रेल्वे सरकतेय, हा त्यांचा घोर. १९०६च्या जुलैत मोर्लेंनी मिंटोंना खासगीत बजावलं, त्याचा आशय असा: रशियाशी समेट करायचा की नाही हा प्रश्न आता खुला नाही, तो निर्णय झालेला आहे. हेच खलित्यात आलं असतं तर लंडनचं सरकार आणि भारत सरकार यांचं भांडण दप्तरात कायमचं नोंदलं गेलं असतं.

तिकडे सेंट पीटर्सबर्गला ब्रिटिश राजदूत आर्थर निकोल्सन रशियाचे परराष्ट्रमंत्री इझ्वोल्स्की यांच्याशी वाटाघाटी करत होते आणि लंडनला परराष्ट्र खात्यातल्या चार्ल्स हार्डिंजना खासगीतही लिहीत होते. हे हार्डिंज पुढे १९१०मध्ये आपलेच व्हाइसरॉय झाले. ३१ ऑगस्ट १९०७ला करार झाला. इराणचे तीन पट्टे पडले: उत्तर रशियाकडे, आग्नेय ब्रिटनकडे, मधला तटस्थ. इराणला विचारलं नव्हतं. अफगाणिस्तानचा अमीर हबीबुल्ला यालाही नाही. कराराच्या अफगाण भागाला त्याची संमती लागेल, असं करारातच लिहिलं होतं. त्यानं ती दिलीच नाही. तरी करार लागू झाला असं दोन्ही साम्राज्यांनी मानून घेतलं!

पुढच्याच जुलैत मुंबईत टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. मोर्ले म्हणजे मोठे उदारमतवादी, गोखल्यांची केवढी भिस्त त्यांच्यावर. मुंबईचे गव्हर्नर क्लार्क यांना मोर्लेंनी कळवलं, की माझा सल्ला घेतला असता तर टिळकांच्या वाटेला जाऊ नका असंच मी सांगितलं असतं. हेही खासगीतच. टिळक मंडालेला गेले, आणि १९१४च्या जूनमध्ये सुटले.