खोटी एअरबॅग

गाडीच्या स्टिअरिंगच्या मधोमध एक झाकण असतं. त्यामागे एअरबॅग आहे, असं आपण धरून चालतो. ब्रेक दाबून पाहता येतो, सीटबेल्ट ओढून पाहता येतो. एअरबॅग मात्र उघडते ती एकदाच, आणि तोवर ती खरी की खोटी हे चालवणाऱ्याला कळत नाही.

धडक बसली की सेन्सर इशारा देतो, इन्फ्लेटरमधलं, म्हणजे पिशवी फुगवणाऱ्या डबीतलं, रसायन पेटतं आणि त्यातून निघालेल्या वायूने पिशवी भरते. पापणी लवायच्या आत हे सगळं होतं. छातीपासून हातभर अंतरावर, धातूच्या एका डबीत झालेला हा स्फोटच असतो. डबी हलक्या दर्जाची असेल, तर तिच्याच चिंधड्या समोरच्या माणसाच्या अंगात घुसतात.

ऑक्टोबर 2012 मध्ये अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा यंत्रणेने नकली एअरबॅगबद्दल इशारा दिला. वर नामांकित कंपनीची खूण, दिसायला हुबेहूब अस्सल. चाचणीत काही उघडल्याच नाहीत, तर काहींतून धातूचे तुकडे उडाले. जुलै 2024 मध्ये पुन्हा इशारा आला, या वेळी परदेशी बनावटीच्या स्वस्त इन्फ्लेटरबद्दल. नऊ महिन्यांत तीन मृत्यू, दोघे आयुष्यभराचे जायबंदी. पाचही गाड्यांना आधी एकदा अपघात झाला होता आणि तेव्हाच हा माल त्यांच्यात बसवला गेला होता.

कायदा नव्हता असं नाही. नकली छाप मारलेला माल विकणाऱ्याला तिथल्या केंद्रीय कायद्याने 10 वर्षांपर्यंत तुरुंगवास होतो. त्यातून जाणूनबुजून वा बेफिकिरीने कुणाचा जीव घेतला, तर जन्मठेपही. पण हा कायदा छाप पकडतो. ज्या सदोष इन्फ्लेटरवर कुणाचीच खोटी खूण नाही, तो त्यातून निसटतो. दुसरा कायदा सांगतो की दुरुस्ती करणाऱ्याने चालू सुरक्षा यंत्रणा जाणूनबुजून निकामी करू नये. पण अपघातात उघडून गेलेली एअरबॅग चालू कुठे असते? तिच्या जागी नवी बसवलीच पाहिजे, अशी सक्ती केंद्रीय कायदा करत नाही.

ही फट अनेक राज्यांनी बुजवली. नकली किंवा निकामी एअरबॅग बनवणं, विकणं, बसवणं हा तिथे गुन्हा आहे. या कायद्यांतलं मला सर्वांत मोलाचं वाटतं ते कलम डॅशबोर्डवरच्या दिव्याचं. गाडी सुरू करताना एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागतो आणि सारं ठीक असेल तर विझतो. एअरबॅगच्या जागी एक छोटा रेझिस्टर, म्हणजे विजेला रोध करणारा भाग, जोडला की गाडीचा संगणक फसतो, आणि रिकाम्या झाकणामागेही दिवा शहाण्यासारखा विझतो. हा दिवा खोटं बोलेल अशी कोणतीही करामत करणं, हासुद्धा या राज्यांत गुन्हा ठरला.

पण अस्सल छापावर तरी किती विसंबायचं? ताकाता ही जपानी कंपनी एअरबॅगच्या धंद्यातली मोठी असामी होती. तिने चाचण्यांच्या अहवालांत फेरफार करून वाहन कंपन्यांना फसवलं. जानेवारी 2017 मध्ये तिने गुन्हा कबूल करायचं मान्य केलं आणि 1 अब्ज डॉलर भरायला ती राजी झाली. अमेरिकेत तिचे सुमारे 6 कोटी 70 लाख इन्फ्लेटर परत बोलावले गेले.

नकली एअरबॅगच्या खटल्यात सगळं येऊन अडतं ते 'जाणूनबुजून' या शब्दावर. बंद खोक्यात माल आला, मी तसाच बसवला, असं गॅरेजवाला सांगतो, आणि कधीकधी तो खरंच फसलेला असतो. म्हणून जुनी गाडी घेताना आधी तिचा अपघाताचा इतिहास काढायचा. एअरबॅग पूर्वी उघडलेली असेल, तर विझलेल्या दिव्यावर न थांबता जाणत्या मेकॅनिककडून स्टिअरिंगवरचं झाकण उघडून घ्यायचं आणि आतल्या भागाचा क्रमांक कंपनीच्या नोंदीशी ताडून पाहायचा.