अडकलेलं चाक

(शिलाई मशीन चालवल्याचा आवाज, पाच-सहा सेकंद)

नमस्कार श्रोतेहो. आत्ता ऐकलात तो आवाज नव्वदी उलटलेल्या शिलाई मशीनचा. माझ्याकडे आलं तेव्हा त्याचं चाक तसूभर हलत नव्हतं. "मेलंय ते, भंगारात घाला," असं म्हणूनच ते माझ्या हवाली झालं. जुनी शिलाई मशिनं जमवणाऱ्याला हे वाक्य पाठ असतं, आणि बहुतेक वेळा ते खोटं निघतं.

होतं काय, की कुणीतरी कधीतरी हाताशी असलेलं खायचं तेल मशीनला पाजतं. मशीन बंद पडून राहतं आणि आत ते तेल आधी चिकट, मग तपकिरी, शेवटी लाखेसारखं कडक होतं. बीड आणि पोलाद मात्र जिथल्या तिथे धडधाकट असतात. अशा वेळी चाकाला हिसका द्यायचा नाही. तेल घालायच्या प्रत्येक भोकात, प्रत्येक सांध्यात रॉकेलचे दोन-दोन थेंब सोडायचे आणि झोपायला जायचं. सकाळी चाक जरा पुढे, जरा मागे. नाही हललं तर पुन्हा थेंब, पुन्हा रात्र. माझं हे मशीन सहाव्या दिवशी कुरकुरलं. चाक सुटलं की रॉकेल पुसून लगेच मशीनचं तेल घालायचं, कारण रॉकेल चिकटा सोडवतं, पण वंगण म्हणून कुचकामी. विजेच्या मशीनमध्ये हा प्रयोग मोटारीपासून लांब, आणि आधी वायर तपासून. जुन्या वायरचं रबर हात लावताच चुरा होतं.

या यंत्राची सगळी गंमत सुईत आहे. हातसुईचं नेढं मागच्या टोकाला असतं, मशीनच्या सुईचं अणीजवळ. एलियस हॉवेला 1846 साली अमेरिकेत पेटंट मिळालं ते अशी सुई आणि खालचा धागा वाहून नेणारं शटल यांच्या जोडीवर. सुई कापडातून खाली जाते आणि किंचित वर उचलली जाते. त्या क्षणी धाग्याचा छोटा फास सुटतो. खालच्या हुकाचं टोक नेमकं तेव्हा तिथे येऊन फास पकडतं आणि बॉबिनभोवती, म्हणजे खालच्या धाग्याच्या रिळाभोवती, फिरवतं. दोन धागे एकमेकांत अडकले, टाका पडला. क्षणभराची चुकामूक झाली तर टाका नाही. हॉवेच्याही आधी, 1830 साली, फ्रान्समध्ये बार्थेलेमी तिमोनिए यांनी एकाच धाग्याचा साखळी टाका घालणारं यंत्र केलं होतं. पोटावर पाय येईल या भीतीनं शिंप्यांनी त्यांची यंत्रं फोडली. 1851 मध्ये आयझॅक सिंगर आपलं मशीन घेऊन आला, मग पेटंटवरून कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि 1856 मध्ये भांडणाऱ्या कंपन्यांनीच पेटंटं एकत्र करून कमाई वाटून घेतली. ही वकिली भानगड मला सुईइतकी मोहवत नाही.

माझ्या सिंगर मशीनच्या क्रमांकाआधी 'वाय' हे अक्षर आहे. म्हणजे ते स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकचं. सिंगरचा तो अवाढव्य कारखाना 1980 मध्ये बंद झाला, पण त्यातून बाहेर पडलेली मशिनं अजून टाके घालताहेत.

आता एक कबुली. सुरुवातीच्या एका मशीनवर मळाचा जाड थर होता. मी स्पिरिटचा बोळा घेतला आणि जोमानं घासलं. मळ गेला, पाठोपाठ सोनेरी वेलबुट्टीही गेली. जुन्या मशीनचा काळा रंग भट्टीत भाजून पक्का केलेला असतो, त्यावर नक्षी, आणि नक्षीवर पारदर्शक लाखेचा थर. स्पिरिटात लाख विरघळते. तेव्हापासून मी मशीनच्या तेलात भिजवलेलं मऊ फडकं घेतो आणि धीरानं पुसतो. काहीजण जुना रंग खरवडून नवाकोरा मारतात. मला ते पटत नाही. सुईपुढच्या पाटावर नक्षी झिजलेली दिसते, ती कापड पुढे सरकवणाऱ्या हातांनी झिजवलेली असते. ती जागा मी तशीच ठेवतो.

मशीन जमवायचं असेल तर रंगाकडे नंतर बघा, आधी खालची झाकणपट्टी सरकवा. शटल किंवा बॉबिन केस नसेल तर दोनदा विचार करा. होडीच्या आकाराचं जुनं शटल सहजी मिळत नाही. स्क्रू तर सांभाळाच. सिंगर कंपनीच्या स्क्रूंचे आटे बरेचदा तिचे स्वतःचे असतात, बाजारातला स्क्रू बसत नाही. चाक खोलाल तर आतला तीन कानांचा वॉशर कोणत्या बाजूनं होता, त्याचा फोटो आधी काढा. उलटा बसला तर बॉबिन भरताना सुईही नाचत राहते.

चाचणीला वर लाल धागा घ्या, बॉबिनवर पांढरा. पांढरा वर डोकावला तर वरचा ताण जास्त, लाल खाली लोळला तर कमी. या मशीननं पहिल्या दिवशी खाली लाल धाग्याची नुसती जाळी विणली. मी अर्धा तास ताणाचा स्क्रू पिळत बसलो, सुई बदलली, धागा पुन्हा ओवला. मग लक्षात आलं, कापड दाबून धरणारा दाबपाय खाली घ्यायलाच विसरलो होतो.