आधी वेदना

बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधली घुमटाखालची ही शस्त्रक्रियेची खोली. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी इथे एका तरुणाच्या मानेवरची गाठ काढायची होती. त्या काळी शस्त्रक्रिया म्हणजे रुग्णाला बांधायचं, हातपाय दाबून धरायला धट्टेकट्टे लोक उभे करायचे आणि डॉक्टरने होईल तितक्या झटपट काम उरकायचं. ज्याचा हात वेगवान, तो निष्णात. त्या दिवशी विल्यम मॉर्टन या दंतवैद्याने रुग्णाला आधी गुंगी आणणारं ईथर हुंगवलं. मग जॉन वॉरन यांनी सुरी चालवली. नेहमीच्या किंकाळ्या ऐकू आल्या नाहीत.

ईथरने त्या तरुणाच्या पदरात कुठलं सुख टाकलं नाही. एक भयंकर गोष्ट टाळली, इतकंच. तरीही माणसाने माणसासाठी केलेल्या कामांत याच्या तोडीची कामं फार थोडी आहेत, असं मला वाटतं.

इंग्रज तत्त्वज्ञ जेरेमी बेंथम यांनी १७८९ मध्ये सुख आणि दुःख एकाच हिशेबात धरलं : एकाची बेरीज, दुसऱ्याची वजाबाकी. १९४५ मध्ये तत्त्वज्ञ कार्ल पॉपर यांनी त्याला हरकत घेतली. एकाची वेदना दुसऱ्याच्या सुखाने भरून निघत नाही, असं ते म्हणाले. शिवाय दुःख मदतीसाठी हाक मारतं. ज्याचं बरं चाललंय, त्याचं सुख वाढवण्याची तशी निकड कुणाला जाणवत नाही. मला हे पटतं. दाढ ठणकायला लागली की दुसरं काही सुचत नाही. न दुखणाऱ्या दाढेचा आनंद कोण साजरा करतो?

एकजूटही दुःखाविरुद्ध लवकर होते. अमेरिका आणि सोव्हिएत संघ एकमेकांच्या जिवावर उठलेले असतानाही देवीचा रोग घालवायला दोघांनी हातभार लावला. १९८० मध्ये तो जगातून संपल्याचं जाहीर झालं. त्यासाठी सुख म्हणजे काय, यावर कुणाचं एकमत व्हावं लागलं नाही.

पण १९५८ मध्ये तत्त्वज्ञ आर. एन. स्मार्ट यांनी ‘आधी दुःख’ या विचारातली धोक्याची जागा दाखवली. दुःख संपवणं हेच एकमेव ध्येय असेल, तर सगळ्या मानवजातीला क्षणात, वेदनेविना नष्ट करणारा राज्यकर्ता उपकारकर्ताच ठरेल! हा आक्षेप झटकून टाकता येत नाही.

त्याला उत्तर शोधताना मला सिसिली सॉन्डर्स आठवतात. आधी परिचारिका, मग डॉक्टर. १९६७ मध्ये त्यांनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे मरणाच्या वाटेवरच्या रुग्णांची शुश्रूषा करणारं ठिकाण, उघडलं. एरवी शेवटच्या टप्प्यातल्या कॅन्सरच्या रुग्णाला मॉर्फिन मिळायचं ते बहुधा कळ असह्य झाल्यावर, मागितल्यावर. औषध उतरलं की पुन्हा तीच कळ, पुन्हा विनवणी, पुन्हा वाट पाहणं. सॉन्डर्स यांनी घड्याळ लावून डोस देण्याचा आग्रह धरला, आधीचा उतरण्यापूर्वीच पुढचा. दुखणं आवरलं आणि त्याची धास्तीही ओसरली. अशा वेळी माणसाला खिडकी उघडून हवी असते. मुलाशी राहून गेलेलं बोलायचं असतं. वेदना दूर करायची ती याच माणसासाठी. तोच नाहीसा केला, तर भलं कुणाचं झालं?

म्हणून माझ्या लेखी दुःखाचा मान पहिला. मोकळ्या झालेल्या जिवाने पुढे काय करायचं, ते त्याचं तो ठरवील.

मॉर्फिन जुनं औषध आहे, स्वस्तही आहे. तरी गरीब देशांतल्या असंख्य रुग्णांना ते शेवटपर्यंत मिळत नाही. कडक नियम, परवान्यांची कागदपत्रं आणि व्यसन लागेल ही भीती, यांतच ते अडकून पडतं.